हिमाचे पीक

मुलांनो, रोहिणी नक्षत्र सरत आले म्हणजे आपल्याकडील शेतकऱ्याची दृष्टी आपोआप आभाळाकडे वळते. मृगाचा पाऊस वेळेवर आला तर वर्षाची चिंता मिटली. तो चुकला तर दुबार पेरणी आणि सावकाराचे दार, हे तुम्ही घरोघरी ऐकले असेल. असेच आभाळाकडे डोळे लावून बसलेले एक ठिकाण मी हिमालयात पाहिले. भेद एवढाच, की तेथील माणसे पावसाची नव्हे तर हिमाची वाट पाहत होती. आणि तीही ज्येष्ठात नव्हे, तर भर पौषात.

त्या ठिकाणाचे नाव गुलमर्ग. काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, पीर पंजाल पर्वताच्या कुशीत ते वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २,६५० मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच. तेव्हा कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटरांचा डोंगर रचावा, तेव्हा कोठे गुलमर्गच्या कुरणाची पातळी येते. ‘मर्ग’ म्हणजे काश्मिरी भाषेत डोंगरावरील कुरण. पूर्वी या स्थळास गौरीमर्ग म्हणत. सोळाव्या शतकात काश्मीरचा राजा युसुफ शाह चक याने ‘फुलांचे कुरण’ या अर्थी गुलमर्ग हे नाव दिले, असे सांगतात. उन्हाळ्यात हे नाव त्यास शोभते. हिवाळ्यात मात्र तेथे एकही फूल नसते. आणि तरीही दूरदूरच्या देशांतून माणसे तेथे येतात, ती हिमावरून घसरण्यासाठी!

‘घसरण्यासाठी’ हा शब्द वाचून तुम्हांस हसू आले असेल. आपल्या भाषेत घसरणे हा दोषच आहे : पाय घसरतो, जीभ घसरते, बाजारभाव घसरतात. परंतु पायांस लांब फळ्या बांधून, हिमाच्या उतारावरून, तोल सांभाळीत, मनात येईल तेथे वळत आणि मनात येईल तेथे थांबत घसरत जाणे ही एक प्राचीन विद्या आहे. हिमप्रदेशांतील लोकांनी ती हौसेखातर नव्हे, गरजेपोटी शोधून काढली. भुसभुशीत हिमात चालू लागले की पाय गुडघ्यापर्यंत रुततो. कारण शरीराचा सारा भार तळपायाएवढ्या जागेवर पडतो. तोच भार लांब फळीवर पसरला की हिम तो सहज पेलते. भाताच्या खाचरात चिखलावर फळी टाकून तिच्यावरून जाणारा मनुष्य तुम्ही पाहिला असेल. त्यातलेच हे तत्त्व. या फळ्यांस स्की म्हणतात. हा शब्द नॉर्वेकडील जुन्या भाषेतला असून लाकूड फोडून काढलेली फळी हा त्याचा मूळ अर्थ आहे.

गुलमर्गला ही विद्या इंग्रजांच्या अमदानीत आली. १९२७ साली ब्रिटिश लष्करातील अधिकाऱ्यांनी तेथे एक स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, आपल्या भूदलाने तेथेच सैनिकांना हिमावर चालण्या-लढण्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. आज ती उंच पर्वतावरील युद्धकलेची शाळा म्हणून विख्यात आहे. पुढे १९६८ साली सर्वसामान्य तरुणांसाठीही स्की आणि गिर्यारोहण शिकविणारी सरकारी संस्था निघाली. २०२० पासून ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडास्पर्धा तेथे भरू लागल्या. २०२२ साली बीजिंग येथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू उतरला होता; तो आरिफ खान याच गुलमर्ग-तंगमर्गच्या उतारांवर वाढलेला.

ही सर्व माहिती मला पुस्तकांतून होती. हिम मात्र मी कधी पाहिले नव्हते! वर्गात मी हिम, तुहिन, प्रालेय असे समानार्थी शब्द वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले. त्यांवर प्रश्न काढले, गुण दिले आणि गुण कापलेही. परंतु ज्या वस्तूची एवढी नावे मी शिकवीत होतो, तिला मी बोटही लावलेले नव्हते. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त श्रीनगर येथे असतो. ‘सर, एकदा येऊन हिम पाहून जा,’ असा त्याचा कित्येक वर्षांचा आग्रह होता. अखेर २०२४ च्या जानेवारी महिन्यात, लोकरीची दोन जड पांघरुणे बरोबर घेऊन, मी निघालो.

श्रीनगरहून तंगमर्गपर्यंत सपाटी आहे. तंगमर्गपासून गुलमर्गचा १३ किलोमीटरांचा घाट लागतो. एरवी हिवाळ्यात या घाटात मोटारींच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधाव्या लागतात, नाहीतर चाके जागच्या जागी फिरतात. आमची मोटार साखळ्यांवाचून सरळ वर गेली. चालकाला ही सोय मुळीच आवडलेली दिसली नाही. ‘या दिवसांत हा रस्ता इतका कोरडा पाहिला नाही,’ एवढेच तो म्हणाला आणि पुढे वाटभर बोलला नाही.

वर पोहोचलो तो काय! परातीसारखे खोलगट विस्तीर्ण कुरण, भोवती उंच सूचिपर्णी वृक्षांची दाट राई, आणि मागे अफरवट पर्वताचा प्रचंड खांदा. परंतु कुरण पांढरे नव्हते. ते वाळक्या गवताने तपकिरी झाले होते. कडेला हिमावरून ओढावयाच्या लाकडी घसरगाड्या पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांचे मालक अंगातल्या सैल फेरनमध्ये कांगडी धरून उन्हात बसले होते. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसविलेली निखाऱ्यांची मातीची शेगडी. काश्मिरी मनुष्य ती अंगरख्याच्या आत बाळगतो. दुकानांतून स्कीच्या जोड्या ओळीने उभ्या होत्या. त्या कोणी भाड्याने नेत नव्हते.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून पुढील ४० दिवसांस ‘चिल्लई कलान’ म्हणतात. हा थोरल्या थंडीचा काळ. त्यानंतर २० दिवस ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटी थंडी. आणि शेवटी १० दिवस ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे थंडीचे पोर. आपल्याकडे नक्षत्रांवरून पावसाचा हिशेब करतात, तसा हा थंडीचा हिशेब आहे. चिल्लई कलानमध्ये पडलेले हिम खरे मोलाचे. कारण कडक थंडीमुळे ते वितळत नाही, थरावर थर चढून दगडासारखे घट्ट होते आणि उन्हाळ्यात सावकाश पाझरत राहते. झरे, ओढे, झेलमचे पाणी, भाताची खाचरे, सफरचंदांच्या बागा हे सर्व त्या साठ्यावर जगतात. म्हणूनच हिम हे केवळ गुलमर्गच्या दुकानदारांचे पीक नव्हे. डोंगराने भरून ठेवलेले ते साऱ्या खोऱ्याचे धरण आहे. ‘नीलमत पुराण’ या काश्मीरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात पहिला हिमपात झाला म्हणजे उत्सव करावा असे सांगितले आहे, आणि आजही पहिले हिम पडले की लोक एकमेकांचे अभिनंदन करतात.

त्या वर्षी मात्र चिल्लई कलानचे तीस-बत्तीस दिवस कोरडे गेले होते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. काश्मीरच्या हिवाळ्यातील हिम आपल्या मान्सूनचे नसते. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानावरून पूर्वेकडे सरकत येणारे वादळी वारे ओलावा आणतात. त्यांस हवामानशास्त्रज्ञ पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हे विक्षोभ ठरावीक अंतराने येत राहिले तर पर्वत पांढरे होतात. त्या हिवाळ्यात ते दुर्बळ झाले किंवा वाट चुकून दूर निघून गेले. पृथ्वीचे तापमान वाढत चालल्याने पर्वतांवरील हिमाचे प्रमाण घटत आहे, हे तुम्ही भूगोलात शिकताच. परंतु घट या शब्दाचा अर्थ मला त्या पालथ्या घसरगाड्यांपाशी कळला.

माझ्या विद्यार्थ्याने मला स्की शिकविण्यासाठी एक तरुण शिक्षक ठरविला होता. वय पंचविशीच्या आत, चेहरा उन्हाने रापलेला, बोलणे मोजके. तो मला ‘चाचाजी’ म्हणे. हिवाळ्याच्या तीन महिन्यांत मिळवावे आणि त्यावर घर वर्षभर चालवावे, असा त्याचा संसार होता. रोज सकाळी तो माझ्या खोलीवर येई, खिडकीतून अफरवटकडे पाही आणि ‘उद्या पाहू’ म्हणून खाली बसे. मग आम्ही मीठ घातलेला गुलाबी चहा पीत असू. (हा चहा मला शेवटपर्यंत आवडला नाही, परंतु हे मी त्यास सांगितले नाही.)

जानेवारीच्या अखेरच्या दिवसांत एके रात्री मला जाग आली, ती आवाजाने नव्हे तर आवाज नाहीसा झाल्याने. कुत्र्यांचे भुंकणे, वाऱ्याची सळसळ, पत्र्याची खडखड, सारे थांबले होते. खिडकी उघडली. अंधारातून असंख्य पांढरे तुकडे, पिंजलेल्या कापसासारखे, घाई न करता खाली येत होते. ताज्या हिमात बर्फ थोडे आणि हवा फार असते. दहा सेंटिमीटर ताजे हिम वितळविले तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी होते. त्या हवेच्या असंख्य पोकळ्यांत ध्वनी शोषला जातो, म्हणून हिम पडताना अशी शांतता पसरते. मी हात बाहेर काढला. एक तुकडा बाहीवर टेकला. विजेरीच्या उजेडात पाहतो तो त्यास सहा पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीवर नक्षी! पाण्याचे कण गोठताना षट्कोनी मांडणीत जुळतात, हे मी वाचले होते. तरी मी त्या एका तुकड्याकडे तो विरघळेपर्यंत पाहत राहिलो.

सकाळी कुरण पांढरे झाले होते. घसरगाड्यांवर पोरे बसली होती, दुकानांची दारे सताड उघडली होती, आणि ज्याला त्याला घाई झाली होती. माझा शिक्षक मला लहान मुलांच्या उतारावर घेऊन गेला. हा उतार आपल्या शाळेच्या मैदानाच्या बांधाहून फारसा उंच नसेल. परंतु पायांत स्की असताना तो मला सह्याद्रीचा कडा वाटला.

स्कीचे बूट ताठ आणि जड असतात; घोटा त्यांत फारसा वाकत नाही. बूट फळीवरील खटक्यात अडकतो, आणि मनुष्य जोरात पडला तर तो खटका आपोआप सुटतो, म्हणजे पाय मोडण्याचे भय कमी होते. फळीच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते. फळी मध्यभागी अरुंद आणि दोन्ही टोकांस रुंद केलेली असते. त्यामुळे ती एका कुशीवर कलविली की धार हिमात रुतते आणि फळी आपोआप वळण घेते. गवत कापण्याच्या विळ्याची धार जशी बाकदार असते, तसाच हा बाक समजा. फळी हिमावर इतकी सहज का घसरते, याचे उत्तरही सुंदर आहे. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा निसरडा असा अत्यंत पातळ पापुद्रा असतो, आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते. घसरणारा मनुष्य या पापुद्र्यावरून जात असतो.

मला वाटले होते की शिक्षक प्रथम वेगाने जाणे शिकवील. त्याने प्रथम पडणे शिकविले. बाजूला, नितंबावर पडावयाचे; पुढे हात टेकावयाचे नाहीत; पडल्यावर दोन्ही फळ्या उतारास आडव्या करावयाच्या आणि मगच उठावयाचे. फळ्या उताराच्या दिशेने ठेवून उठू पाहणारा उठताक्षणीच पुन्हा निघतो, याचा अनुभव मी दोनदा घेतला. त्यानंतर त्याने थांबणे शिकविले. दोन्ही फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर करून आतल्या धारा दाबल्या की वेग मंदावतो. तिसऱ्या दिवशीपर्यंत मी याखेरीज दुसरे काही शिकलो नाही. ‘चाचाजी, ज्याला थांबता येते त्यालाच वर नेतात,’ असे तो म्हणाला. एवढी वर्षे मी मुलांना पुढे कसे जावे हेच शिकवीत आलो होतो. पहिला धडा थांबण्याचा असू शकतो, हे मला सुचले नव्हते.

आमच्या शेजारीच काही तरुण एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय आडवे बांधून उतरत होते. हा स्नोबोर्ड. स्की हजारो वर्षांची म्हातारी, तर स्नोबोर्ड तिची पणती शोभेल. १९६५ साली अमेरिकेत एका बापाने आपल्या मुलींना खेळावयास म्हणून दोन स्की एकमेकींस जोडून एक रुंद फळी केली. तेथून हा खेळ वाढत गेला आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे ऑलिंपिकमध्ये पोहोचला. त्यात हातांत काठ्या नसतात; सारा तोल टाचांकडील आणि बोटांकडील धारेवर. त्या तरुणांना पडताना पाहून मी वयाचा मान राखण्याचे ठरविले.

गुलमर्गचे खरे उतार मात्र अफरवटवर आहेत. पूर्वी स्की खांद्यावर घेऊन कित्येक तास चढावे, तेव्हा काही मिनिटांचे उतरणे पदरी पडे. आता तेथे गोंडोला आहे. म्हणजे जाड पोलादी दोरावरून जाणारे बंद पाळणे. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो कोंगदुरीपर्यंत नेतो. दुसरा टप्पा २००५ साली झाला. तो जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर, अफरवटच्या खांद्यावर नेऊन सोडतो. एका पाळण्यात सहा माणसे बसतात. दोर अखंड फिरत असतो. स्थानकात आलेला पाळणा त्याच्यापासून सुटतो, मंद होतो, माणसे चढली-उतरली की पुन्हा दोरास चिमट्यासारखा पकडतो. ही युक्ती पाहण्यातच माझा एक तास गेला.

हिम पडल्यानंतर पहिले काही दिवस वरचा टप्पा बंद होता. खाली लोकांची दाटी वाढत होती. इतक्या दिवसांच्या प्रतीक्षेनंतर हिम आले आणि उतार बंद, म्हणून जो तो चडफडत होता. एका दुपारी चार-पाच तरुण प्रवासी माझ्या शिक्षकाकडे आले. पायी चढून, रानातून आडवाटेने वरच्या उतारावर न्यावे, दुप्पट पैसे देऊ, असे ते म्हणाले. दुप्पट पैसे म्हणजे त्याच्या दृष्टीने बुडालेल्या दिवसांची मोठीच भरपाई. तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने हात जोडले. ‘हिम नुकतेच आले आहे, साहेब. त्याला बसू द्या.’ ते चिडून दुसरीकडे गेले. तो माझ्याकडे न पाहता स्कीच्या धारेवरचे हिम बोटाने पुसत राहिला.

संध्याकाळी मी त्यास विचारले, की हिम बसू देणे म्हणजे काय? त्याने मला फावडे घेऊन रानाच्या कडेला नेले आणि हिमात कमरेइतका खड्डा घेऊन त्याची एक भिंत नीट कापली. त्या भिंतीत थर दिसत होते. वर ताजे, जड हिम. तळाशी मात्र डिसेंबरात पडलेल्या तुरळक हिमाचा बोटभर थर होता. तो त्याने चिमटीत धरला, तर साखरेसारखे रवाळ दाणे बोटांतून गळून पडले. मुलांनो, हे नीट ध्यानात घ्या. हिमाचा थर पातळ असला आणि वरची हवा फार थंड असली, की जमिनीकडील ऊब आणि वरचा गारठा यांच्या ओढाताणीत तळच्या हिमाची वाफ होऊन वर सरकते, पुन्हा गोठते, आणि असे होता होता त्याचे मोठमोठे सुटे दाणे बनतात. ते एकमेकांस धरून राहत नाहीत. आता कल्पना करा : एका उतरत्या फळीवर मोहरी पसरली आहे आणि तिच्यावर जड पोळपाट ठेवला आहे. पोळपाट काही वेळ राहील. परंतु कोणी त्यावर बोट दाबले की सारा एकदम सुटेल. डोंगरावर हा पोळपाट शेकडो मीटर रुंद असतो, आणि ते बोट म्हणजे एकट्या स्कीपटूचा भारही असू शकतो. यासच हिमस्खलन म्हणतात. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर त्याचे भय सर्वाधिक. आणि स्की करणाऱ्यांना आवडतात तेही नेमके हेच उतार.

म्हणजे पाहा, कोरड्या गेलेल्या दिवसांनी त्याचे उत्पन्न बुडविले, एवढेच नव्हे. उशिरा आलेल्या हिमाच्या पायाखाली त्यांनी सुटी मोहरीही पसरून ठेवली. ज्या हिमाची सर्वांत अधिक वाट पाहिली, तेच सर्वांत अधिक घातकी ठरण्याचा संभव होता.

अशा वेळी गोंडोलाच्या परिसरातील उतारांवर रक्षकांचे पथक आधी जाते. थर तपासते, अवश्य वाटल्यास लहान स्फोट करून सैल हिम माणसे नसताना पाडते, आणि मगच वाट मोकळी करते. त्या हद्दीपलीकडे डोंगर ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. तेथे जाणाऱ्याने अंगावर एक छोटे विद्युत्‌यंत्र बांधावे. ते सतत संदेश देत असते, आणि कोणी गाडला गेलाच तर सोबत्यांच्या यंत्रांना त्याची दिशा सापडते. मग लांब सळईने टोचून जागा निश्चित करावयाची आणि फावड्याने उकरावयाचे. हे सारे सोबत्यांनीच, आणि तत्काळ करावे लागते; कारण गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची आशा सुमारे पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. मदत खालून येईपर्यंत तेवढा वेळ राहत नाही. गुलमर्गने हे दुःख अनेकदा पाहिले आहे. २०१० च्या फेब्रुवारीत खिलनमर्गच्या उतारावर लष्करी शाळेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमकडा कोसळून अनेक जवानांना मृत्यू आला. मी परतल्यानंतर थोड्याच दिवसांनी, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, त्याच परिसरात पुन्हा हिमस्खलन झाले आणि परदेशातून आलेल्या एका स्कीपटूचा अंत झाला. त्याच्या सोबत्यांना वाचविण्यात आले. ही वार्ता वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मला फावड्याने कापलेली ती भिंत आठवली.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी वरचा टप्पा उघडला. शिक्षकाने स्की घेतल्या; मी रिकाम्या हातांनी निघालो. पहिल्या टप्प्यापर्यंत झाडे होती. दुसऱ्या टप्प्यात ती विरळ होत संपली. एक किलोमीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून वर पाळण्याचे दार उघडताच गारठा सुईसारखा टोचला. श्वास अपुरा पडू लागला. दहा पावले चालून थांबावे लागे. डोळ्यांवर गडद चष्मा होता, तो तसाच ठेवा असे त्याने बजावले. ताजे हिम सूर्याचा बहुतेक सारा प्रकाश परत फेकते, आणि चष्म्यावाचून फिरणाऱ्याचे डोळे काही तासांतच सुजून दिसेनासे होते. आकाश निवळले होते. दूर उत्तरेस, सर्व रांगांच्या वर, एक एकटा पांढरा पर्वत उभा होता. ‘नंगा पर्वत,’ तो म्हणाला. ८,१२६ मीटर!

मग त्याने खटके लावले, मला नमस्कार केला आणि तो उतारावर निघाला. त्याचे ते जाणे मी कधी विसरणार नाही. डावीकडे कल, उजवीकडे कल. मागे हिमाचा बारीक धुरळा. आणि पांढऱ्या उतारावर मोडी लिपीच्या ओळीसारखी, हात न उचलता काढलेली एकच वळणदार रेघ. मध्येच तो थांबला. पुढच्या घळीकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. मग घळ टाळून, लांबच्या सोंडेने, मनुष्यांच्या वाटेने खाली गेला. मी पाळण्यातून उतरलो.

२०२५ च्या फेब्रुवारीतही गुलमर्गला हिम पुरेसे नव्हते. ‘खेलो इंडिया’च्या ठरलेल्या स्पर्धा त्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. महिना संपता संपता माझ्या भ्रमणध्वनीवर त्याचे एक छायाचित्र आले. पांढरे कुरण, आणि खाली एकच ओळ : ‘चाचाजी, शीन आले.’ काश्मिरीत हिमाला शीन म्हणतात. माझ्या समानार्थी शब्दांच्या यादीत तो नव्हता. मी उलट विचारले, ‘वरचा उतार कसा आहे?’

उत्तर आले, ‘अजून दोन दिवस बंद.’